लढाऊ जहाज आणि उलटा घातलेला डोंगा

मे महिन्यात आमच्या मामा तलावाचं पाणी आटत आटत मधल्या खोलगट भागात जाऊन बसतं. मामा म्हणजे माजी मालगुजारी. भंडारा-गोंदियाकडचे असे तलाव जुन्या मालगुजारांच्या काळात धानाच्या बांध्यांसाठी बांधले गेले. पाणी उतरलं की ढिवर मंडळी आपले डोंगे ओढून वर आणतात आणि मोहाच्या सावलीत उलटे घालतात. आठ-दहा दिवस लाकूड नीट वाळू देतात, फटी तपासतात, मग डब्यात डामर तापवून बुडाला फासतात. पाऊस लागायच्या आत हे काम उरकलं पाहिजे.

अशाच एका दुपारी मी शेजारच्या काकांजवळ बसलो होतो. बोलता बोलता शाळेत असताना पाहिलेल्या विक्रांतची गोष्ट निघाली. भारताचं पहिलं विमानवाहू जहाज, निवृत्तीनंतर मुंबईत तरंगतं संग्रहालय म्हणून ठेवलेलं. काकांनी हातातला कुंचला थांबवला आणि विचारलं, ''लढाई संपली नं त्याची, गुरुजी? मंग काठावर ओढून ठेवाचं. पान्यात कायले सडवतेत?''

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. जुनं जहाज बघायला जाणारे बहुतेक जण तोफा बघतात, फोटो काढतात आणि परत येतात. पण ते जहाज अजून पाण्यावर कसं आहे, त्यासाठी रोज कोण काय करतं, हे कळल्याशिवाय ती भेट अर्धीच राहते. म्हणून काकांना जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

आधी तरंगण्याचं बघू. लोखंड पाण्यापेक्षा जवळपास आठपट जड असतं. किलोभर लोखंडाचा गोळा विहिरीत टाका, सरळ तळ गाठेल. त्याच किलोभराचं घमेलं करून अलगद पाण्यावर ठेवा, तरंगेल. घमेल्याने आपल्या पसाऱ्याने पाणी बाजूला सारलं, आणि बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन घमेल्याच्या वजनाइतकं झालं की पाणी त्याला तोलून धरतं. पूर्ण भरलेलं विक्रांत साधारण 19,500 टनांचं होतं. दहा टन धानाचा एक ट्रक धरला तर एकोणीसशे पन्नास ट्रक झाले. ते जिथे उभं असेल तिथे तेवढ्याच वजनाचं समुद्राचं पाणी ते बाजूला सारून असायचं. घमेलं काय, डोंगा काय, विक्रांत काय, हिशेब एकच. तोलून धरते ती आतली पोकळी, आणि बाहेरच्या पत्र्याचं सगळं काम ती पोकळी राखण्याचं.

पत्र्याला भोक पडलं तर? म्हणूनच जहाजाचं पोट एकसंध ठेवत नाहीत, त्याचे कप्पे करतात. एका कप्प्यात पाणी शिरलं तरी शेजारचा कोरडा राहावा, अशा जाड भिंती आणि घट्ट दारं. संग्रहालय झालेल्या जहाजावर गेलात की आधी तुमच्या नडग्यांना हे कळतं, कारण प्रत्येक दाराला गुडघ्याच्या आसपास येणारा लोखंडी उंबरा असतो. जमिनीवर सांडलेलं पाणी पलीकडे जाऊ नये म्हणून तो. दाराच्या कडेने मुठी असतात; त्या आवळल्या की दार चौकटीवरच्या रबरावर दाबून बसतं.

कप्प्यांचं आणखी एक काम आहे आणि ते आपल्याकडच्या कुठल्याही गाडीवानाला लगेच पटेल. बैलगाडीवर पाण्याचा ड्रम काठोकाठ भरून न्या, फारसा त्रास होत नाही. अर्धा भरून न्या, मग बघा. चाक एका बाजूला उतरलं की आतलं सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि गाडीला आणखी कलवतं. जहाजात शिरलेलं पाणीही असंच वागतं. जहाज जरा झुकलं की पाणी खालच्या बाजूला पळतं, मग ते जास्त झुकतं, मग आणखी पाणी पळतं. पाण्याच्या नुसत्या वजनापेक्षा ही धाव घातक असते. आडव्या-उभ्या भिंती घातल्या की पाण्याला धावायला जागाच उरत नाही.

संग्रहालय करताना इंधन आणि दारूगोळा काढून घेतात. तळाचं हे वजन गेलं की जहाज पाण्यावर उंच येतं आणि वरून जड होतं. तणसाची उंच गाडी बांधावरून जाताना जशी डुलते तसंच ते डुलणार. म्हणून तळाच्या टाक्यांमध्ये पाणी किंवा दुसरं वजन मोजून भरावं लागतं.

आता खरा वैरी, गंज.

गोठ्याचा जुना खुंटा उपटून बघा. जमिनीच्या आतला भाग बराच शाबूत, वरचा भागही शाबूत, आणि नेमका जमिनीलगतचा वीतभर भाग कुजलेला. तिथे ओल असते आणि हवाही असते. लोखंडाला गंजायला हीच दोन लागतात. जहाजावर तीच जागा म्हणजे पाण्याची रेघ, जिथे लाट पत्र्याला रोज ओलं करते आणि हवा रोज सुकवते. खाऱ्या पाण्यात गंज आणखी वेगाने चढतो, कारण मिठामुळे पाण्यातून वीज सहज वाहते आणि गंजणं ही मुळात बारीक विजेचीच करामत आहे. त्यात बुडाला शिंपले आणि शेवाळ चिकटतं, रंगाचे पापुद्रे सुटतात, आणि उघड्या पडलेल्या पत्र्याला खड्डे पडत जातात. वरून बघणाऱ्याला यातलं काहीही दिसत नाही. वर ताजा करडा रंग चमकत असतो.

यावर एक सुंदर उपाय आहे, आणि तो आपल्या घरात वर्षानुवर्षं आहे. जस्ताची बादली आठवा. ती आतून लोखंडाचीच, वरून जस्ताचा मुलामा. ओरखडा पडून लोखंड उघडं पडलं तरी ती तिथे लगेच गंजत नाही. जस्त लोखंडापेक्षा आधी झिजायला तयार असतं. शेजारी जस्त असेपर्यंत लोखंड वाचतं. जहाजाच्या बुडाला याच कारणाने जस्ताच्या जाड लाद्या बसवतात. त्या झिजतात, जहाज राहतं. मात्र संपल्या की बदलाव्या लागतात. हे मुलांना शिकवताना मी नेहमी थांबतो, कारण बादली घरातली असते आणि मुलांचे चेहरे एकदम खुलतात.

लाद्या बदलायच्या, शिंपले खरवडायचे, पत्रा कुठे किती पातळ झाला ते मोजायचं, नवा पत्रा वेल्डिंगने जोडायचा, रंग द्यायचा. यातलं थोडंफार पाणबुडे पाण्याखाली करू शकतात. नीट करायचं तर जहाज बाहेर काढलं पाहिजे. त्यासाठी सुकी गोदी असते: समुद्राच्या कडेला खणलेला, दगडी किंवा काँक्रीटचा प्रचंड हौद. दार उघडून जहाज आत घ्यायचं, दार लावायचं, पंपाने पाणी उपसायचं. पाणी उतरतं तसं जहाज खाली आधीच मांडून ठेवलेल्या ठोकळ्यांवर अलगद बसतं. हे सांगितल्यावर काका पटकन म्हणाले, ''म्हंजे आमचा मे महिना.'' अगदी तेच. फक्त त्यांच्या डोंग्याला दोन माणसं आणि एक डबा डामर पुरतं, आणि जहाजाच्या एका मे महिन्याला कोट्यवधी रुपये लागतात.

लंडनचं बेलफास्ट हे याचं चांगलं उदाहरण. 1938 मध्ये पाण्यात उतरलेली ही क्रूझर दुसऱ्या महायुद्धात लढली आणि 21 ऑक्टोबर 1971 ला लोकांसाठी खुली झाली. टॉवर ब्रिजजवळ थेम्स नदीत ती उभी आहे, भरती-ओहोटीबरोबर दिवसातून दोनदा चढते आणि उतरते. 1999 मध्ये तिला ओढून पोर्टस्मथच्या गोदीत नेलं, बुड दुरुस्त केलं आणि परत जागेवर आणलं. नाव बेलफास्ट, आणि बांधणीही बेलफास्ट शहरातल्या हार्लंड अँड वुल्फ या कारखान्यातलीच. आपल्या विक्रांतचं अर्धवट राहिलेलं काम पूर्ण झालं ते याच कारखान्यात. दोघी एका माहेरच्या म्हणायच्या.

ज्यांचा मे महिना चुकला त्यांचं काय झालं, तेही बघा. अमेरिकेतलं टेक्सास हे युद्धनौकांमधलं मोठं नाव. 1914 मध्ये नौदलात आलं, दोन्ही महायुद्धं पाहिली, 1948 पासून संग्रहालय. 1988 ते 1990 या काळात गोदीत जाऊन आल्यावर पुढची खेप थेट 2022 मध्ये आली. मधल्या वर्षांत बुडातून पाणी झिरपत राहिलं आणि पंप चालवत राहावं लागलं. बफेलो शहरातल्या द सुलिव्हन्सची कथा मनाला जास्त लागते. सुलिव्हन घरातले पाच सख्खे भाऊ 1942 मध्ये एकाच जहाजावर होते आणि ते जहाज बुडाल्यावर पाचही गेले. त्यांच्या नावाने पुढच्याच वर्षी हे जहाज नौदलात दाखल झालं. एप्रिल 2022 मध्ये धक्क्याला बांधलेलं असतानाच त्याच्या बुडातून पाणी शिरलं आणि ते एका कुशीवर कलून तळाला टेकलं. नंतर पाणी उपसून सरळ केलं. आणि ते गोड्या पाण्यात होतं बरं का; गोडं पाणी सौम्य असतं, पण सोडत नाही.

न्यूयॉर्कच्या इंट्रेपिडची अडचण आपल्याला सगळ्यात जवळची. 1982 पासून एकाच जागी उभं राहिलेलं हे विमानवाहू जहाज नोव्हेंबर 2006 मध्ये दुरुस्तीला न्यायचं ठरलं. टगांनी, म्हणजे मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटींनी, जोर लावला, जहाज हलेना. चोवीस वर्षांत बुडाभोवती गाळ साचून ते त्यात रुतलं होतं. महिनाभर गाळ उपसल्यावर डिसेंबरात सुटलं. रोवणीच्या दिवसांत बांधीत रुतलेला ट्रॅक्टर ज्याने काढलाय, त्याला हे वेगळं समजावायला नको.

मग काकांचा प्रश्न उरतोच. काठावरच का आणू नये?

आणतात. जपानने मिकासा ही 1905 च्या त्सुशिमाच्या लढाईतली युद्धनौका योकोसुका इथे काँक्रीटमध्ये पक्की बसवली आणि 1926 पासून ती स्मारक आहे. इंग्लंडची लाकडी व्हिक्टरी 1922 पासून सुक्या गोदीतच आहे. पण जमिनीवर वेगळं दुखणं सुरू होतं. पाणी बुडाच्या इंच न् इंच जागेला खालून हात देतं. ठोकळ्यांवर मात्र सगळा भार ठरावीक जागी येतो. चारच पायांवर उभ्या बाजेवर जड पोतं ठेवलं की मधली दोरी जशी लोंबते, तसं व्हिक्टरीचं जुनं लाकूड स्वतःच्याच वजनाने खचू लागलं. अलीकडे तिच्याखाली शंभराहून जास्त नवे टेकू बसवले, आणि कोणत्या टेकूवर किती भार येतो ते सतत मोजलं जातं. शिवाय आकाराचा प्रश्न आहे. विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर कुरसुरा ही पाणबुडी ओढून आणली, 2002 मध्ये तिचं संग्रहालय झालं. ती 91 मीटर लांब आणि सुमारे दोन हजार टनांची. विक्रांत तिच्या जवळपास दहापट. तेवढं ओझं वाळूत ओढणं आणि कायमचं टेकवून ठेवणं हे स्वतःच एक धरण बांधण्यासारखं काम आहे.

आता विक्रांतकडे येतो, कारण माझं मन तिथेच अडकलेलं आहे.

त्याची बांधणी 1943 मध्ये इंग्लंडच्या नौदलासाठी हर्क्युलिस या नावाने सुरू झाली. 22 सप्टेंबर 1945 ला ते पाण्यात उतरलं तेव्हा महायुद्ध संपलेलं होतं. काम थांबलं आणि ते कित्येक वर्षं तसंच पडून राहिलं. 1957 मध्ये भारताने ते घेतलं, पूर्ण करून घेतलं, आणि 4 मार्च 1961 ला बेलफास्टमध्ये विजयालक्ष्मी पंडित यांच्या उपस्थितीत ते विक्रांत म्हणून आपल्या नौदलात आलं.

1971 च्या युद्धाआधी जहाज पळवणारी वाफ तयार करणाऱ्या त्याच्या चार बॉयलरपैकी एकाला तडा गेला होता. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण विमानवाहू जहाजाला वेग कशाला लागतो ते समजून घ्या. आपल्याकडच्या बांध्यांमधला सारस उडताना बघा. तो वाऱ्याकडे तोंड करून धावतो आणि मग उचलला जातो. विमानालाही पंखांखालून जोराचा वारा लागतो. म्हणून विमान सोडताना जहाज वाऱ्याकडे तोंड करून जोरात पळतं. समोरचा वारा आणि जहाजाचा वेग यांची बेरीज विमानाला मिळते. वर वाफेच्या जोरावर विमान फेकणारी यंत्रणा असते, म्हणजे वाफ दुप्पट महत्त्वाची. बॉयलर दुखावलं की दोन्हीकडे चिमटा बसतो. तरीही कॅप्टन स्वराज प्रकाश यांच्या हाताखाली विक्रांत बंगालच्या उपसागरात गेलं आणि 4 डिसेंबरपासून त्याच्यावरच्या सी हॉक आणि आलिझे विमानांनी कॉक्स बाजार, चितगाव इथल्या तळांवर हल्ले केले. पूर्व पाकिस्तानची समुद्रातली वाट बंद करण्यात या जहाजाचा वाटा मोठा होता. ज्या पाकिस्तानी पाणबुडीला त्याला शोधायला पाठवलं होतं, ती गाझी विशाखापट्टणमजवळ बुडाली.

पुढे सी हॅरियर विमानं आली तेव्हा जहाजाचं नाक उंचावून घसरगुंडीसारखी उतरण उलटी बसवली. धावत आलेलं विमान तिथून आधी वर फेकलं जातं, आणि खाली येण्याच्या आत त्याला उडण्यापुरता वेग मिळतो. मी नववीत असताना शाळेच्या सहलीत मुंबईला गेलो ते भंडाऱ्याहून नागपूर आणि तिथून रात्रीच्या गाडीने. नौदलाने तेव्हा काही दिवस विक्रांत लोकांना खुलं ठेवलं होतं. त्या चढावावर उभं राहून मी मागे वळून पाहिलं तर डेकचं दुसरं टोक इतकं लांब की तिथली मुलं बोटाएवढी दिसत होती. लांबी सुमारे 213 मीटर. लांबी-रुंदीचा नुसता चौकोन धरला तर दोन एकराचं वावर, आणि तेही समुद्रात. धक्क्याला बांधलेलं असूनही पायाखाली अगदी हळू हलत होतं. ते हलणं मला तोफांपेक्षा जास्त आठवतं. इमारतीत ठेवलेल्या कुठल्याही वस्तूत ते मिळत नाही, आणि जहाज पाण्यातच ठेवावं असं लोकांना वाटतं त्याचं कारणही तेच.

31 जानेवारी 1997 ला ते निवृत्त झालं होतं. कायमचं संग्रहालय चालवायला पैसा आणि भागीदार दोन्ही जुळत नव्हते. लोकांना थोड्या थोड्या काळासाठी खुलं करत वर्षं गेली, बुड झिजत राहिलं. 2012 मध्ये धोकादायक म्हणून ते बंद झालं. 2014 मध्ये सुमारे 60 कोटींना भंगारात विकलं गेलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, पण त्याच वर्षाच्या शेवटी मुंबईच्या दारूखाना या जहाजं तोडण्याच्या भागात तोडणी सुरू झाली. त्यातलं पोलाद बजाजने आपल्या व्ही या मोटरसायकलमध्ये वापरलं. आमच्या गावात तशी एक गाडी होती. ती उभी दिसली की मी तिच्या टाकीवर हात ठेवून बघायचो. पुढे विराट हे आपल्या नौदलाचं दुसरं विमानवाहू जहाजही तसंच गेलं, 2020 मध्ये गुजरातच्या अलंग किनाऱ्यावर. त्याच्यासाठीही संग्रहालयाचे बेत झाले होते.

हे सगळं ऐकून काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ''म्हंजे त्याले शेवटी डामर लावाले कोनी भेटलाच नाही.''

मला हे वाक्य कुठल्याही अहवालापेक्षा अचूक वाटतं. विक्रांतवर प्रेम करणारे लाखो होते. माझ्यासारखे सहलीला आलेले तर किती तरी. पण तरंगत्या जहाजाला दरसालचा हात लागतो, आणि त्याची सोय पहिल्याच दिवशी करून ठेवावी लागते. तिकिटाच्या पैशातून रोजचा दिवाबत्तीचा खर्च निघेल. गोदीचा खर्च वेगळा बाजूला काढूनच ठेवावा लागतो, जसं बियाणं काढून ठेवतो तसं. उरलं तर ठेवू म्हटलं की उरत नाही.

तुम्ही कधी अशा जहाजावर गेलात तर पायात घट्ट बसणारे बूट घाला आणि जिना उतरताना जिन्याकडे तोंड करून उतरा. ते जिने जवळपास उभेच असतात. वरचा डेक शेवटी बघा. आधी मिळेल तितकं खाली जा, इंजिनाच्या खोलीपर्यंत. बाहेरून पाण्याच्या रेघेजवळचा रंग निरखा, तिथे पापुद्रे सुटलेत का ते बघा. दारांचे उंबरे मोजा, प्रत्येक उंबरा म्हणजे एक कप्पा. आणि वाट दाखवणाऱ्या माणसाला विचारा, शेवटचं गोदीत कधी गेलं होतं. या प्रश्नाने त्यांचा चेहरा बदलतो, कारण हे सहसा कोणी विचारत नाही, आणि मग ते मनापासून बोलू लागतात.

या दिवाळीत मी शाळेतली काही मुलं घेऊन विशाखापट्टणमला जायचं ठरवलं आहे, रायपूरवरून. कुरसुरा तरंगत नाही, पण आत सात कप्पे आहेत आणि एका कप्प्यातून दुसऱ्यात जाताना गोल भोकातून आधी पाय घालून वाकावं लागतं. पंच्याहत्तर-एक माणसं त्या नळकांड्यात राहायची हे मुलांना पुस्तकातून कळणार नाही. काकाही येणार आहेत. आत शिरायची त्यांना फारशी हौस नाही. ती पाणबुडी वाळूवर आहे, म्हणजे तिचं एरवी पाण्याखाली असणारं अंग बाहेरून दिसतं, हे मी सांगितल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, ''हात लावू देतेत का बुडाले?''